मौजे स्लीव्हमोर, तालुका बरिशूल, जिल्हा मेयो

दिवस पहिला : डब्लिन

तीस वर्षे भूमि अभिलेख खात्यात काढलेल्या माणसाला परदेशात नेले, तरी तो आधी नकाशाच मागतो. डब्लिनला नोकरीसाठी राहणाऱ्या माझ्या भाच्याने पहिल्या दिवशी मला शहर दाखवण्याचा बेत आखला होता. पण फिनिक्स पार्कमध्ये माउंटजॉय हाउस नावाची एक जुनी वास्तू आहे आणि आयर्लंडची मोजणी करणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हेचे ते मुख्यालय होते, हे मी येण्यापूर्वीच वाचून ठेवले होते. त्यामुळे "मामा, सुट्टीत तरी कचेरी नको," ही त्याची विनवणी मी मनावर घेतली नाही.

इमारत बाहेरूनच पाहिली, पण तेवढ्यावरही माझे समाधान झाले. १८२४ साली थॉमस कोल्बी या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ही मोजणी सुरू झाली आणि १८४६ पर्यंत एका मैलाला सहा इंच या प्रमाणात संपूर्ण बेटाचे नकाशे पूर्ण झाले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर सबंध देश प्रथमच मोजला जात होता, आणि त्यामागचा हेतू अगदी आपल्या ओळखीचा होता : स्थानिक कराची आकारणी एकसारखी व्हावी. पायारेषा, म्हणजे जिच्यावर पुढची सारी मोजणी बेतायची ती पहिली रेषा, मोजण्यासाठी कोल्बीने लोखंड आणि पितळ यांच्या जोडपट्ट्या तयार करवल्या होत्या. उष्णतेने दोन्ही धातू कमीअधिक लांबतात, त्या फरकाचाच उपयोग करून पट्टीवरील दोन खुणांमधले अंतर कायम राहील अशी त्यांची रचना होती. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर असताना हे काम पाहायला आयर्लंडमध्ये आले होते आणि १८३० मध्ये परतताना तशाच पट्ट्या हिंदुस्थानात घेऊन गेले. आपल्या नकाशांच्या वंशावळीत एक आयरिश आजोबा आहे, असे मी भाच्याला म्हटले. तो हसला, पण इमारतीचा फोटो मात्र त्याने काढला.

या मोजणीने जे एकक कायम केले त्याला टाउनलँड म्हणतात. नावात शहर असले तरी शहराशी त्याचा काही संबंध नाही. आयरिश भाषेत त्याला बॅल्या फॅरन म्हणतात आणि आपल्या भाषेत त्याला सर्वांत जवळचा शब्द मौजे हाच आहे. देशभरात अशी साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास असले, तरी याच मेयो जिल्ह्यातले शेस्किन सात हजार एकरांचे आहे आणि काही ठिकाणी एका एकराहूनही लहान टाउनलँड सापडते. टाउनलँडच्या वर सिव्हिल पॅरिश, त्यावर बॅरनी आणि त्यावर काउंटी, म्हणजे जिल्हा, अशी उतरंड आहे. बॅरनी हे आज महसुली कामकाजातून बाद झालेले एकक आहे, पण जुन्या दप्तरात ते जागोजागी भेटते. मथळ्यात मी त्याला तालुका म्हटले आहे, ते काटेकोर नसले तरी फारसे चुकीचेही नाही.

घरी परतल्यावर रात्री संगणकावर ग्रिफिथचे मूल्यांकन उघडून बसलो. रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ या काळात प्रत्येक टाउनलँडमधील प्रत्येक धारणाची, म्हणजे ज्याच्या-त्याच्या ताब्यातील जमीन-घराची, नोंद करवून घेतली. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनचे सार्वजनिक दप्तर जळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनेची बहुतेक कागदपत्रे त्यात गेली. म्हणून त्या काळात कोण कुठे राहत होते हे शोधायला आज हेच मूल्यांकन मुख्य आधार ठरते. स्तंभ वाचताना मला आपल्याच कचेरीत बसल्यासारखे वाटले : नकाशातील क्रमांक, वहिवाटदाराचे नाव, ज्याच्याकडून जमीन धरली त्याचे नाव, मिळकतीचे वर्णन, क्षेत्र, जमिनीचे मूल्य, इमारतीचे मूल्य. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत दिलेले आहे. एका एकराचे चार रूड आणि एका रूडचे चाळीस पर्च, हे वाचून मी सवयीने कागदावर गणित मांडले, तर एक रूड म्हणजे बरोबर दहा गुंठे आणि एक गुंठा म्हणजे बरोबर चार पर्च निघाले. उरलेल्या प्रवासात हे दहा गुंठे मला सोडणार नव्हते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

दिवस दुसरा : वेस्टपोर्टमार्गे आकिल

ह्यूस्टन स्थानकावरून सुटलेली गाडी अ‍ॅथलोनला शॅनन नदी ओलांडते, आणि तिथून पुढे जमीन बदलत गेल्याचे खिडकीतूनही कळते. पूर्वेकडची भरदार कुरणे मागे पडतात. शेते लहान होतात, कुंपणाच्या हिरव्या झुडपांच्या जागी दगडाचे गडगे येतात आणि मधूनमधून काळपट पाणथळ बॉग दिसू लागते. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या विजयानंतर कॅथलिक जमीनमालकांच्या जमिनी काढून घेऊन त्यांना या नदीच्या पश्चिमेला कॉनॉट प्रांतात ढकलले गेले, ते याच दिशेने.

वेस्टपोर्टहून बसने न्यूपोर्ट, मलरॅनी करीत आम्ही आकिल साउंडला पोहोचलो. आकिल हे आयर्लंडच्या किनाऱ्यालगतचे सर्वांत मोठे बेट आहे, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. त्याला मुख्य भूमीशी जोडणारा पहिला पूल १८८७ साली झाला. आजचा पूल नवा असला तरी नाव तेच आहे : मायकेल डेव्हिट पूल. डेव्हिट याच मेयो जिल्ह्यातल्या स्ट्रेड गावचे. ते चार वर्षांचे असताना, १८५० मध्ये, खंड थकल्यामुळे त्यांच्या कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आले, आणि १८७९ मध्ये कॅसलबार येथे कुळांची मेयो लँड लीग त्यांनीच उभी केली. जमिनीवरून हाकलल्या गेलेल्या कुळाच्या मुलाचे नाव बेटाच्या वेशीवर असावे, हे मला फार योग्य वाटले.

मुक्काम डूआ गावात एका वयस्क शेतकऱ्याच्या घरी होता. जूनमधला दिवस असल्यामुळे रात्री दहा वाजले तरी उजेड होता. खिडकीतून ईशान्येकडे ६७१ मीटर उंचीचा स्लीव्हमोर दिसत होता. आयरिशमध्ये या नावाचा अर्थ मोठा डोंगर एवढाच आहे.

दिवस तिसरा : स्लीव्हमोर

डोंगराच्या दक्षिण उतारावर, जुन्या दफनभूमीपासून पश्चिमेकडे सुमारे दीड किलोमीटर पसरलेली ऐंशी ते शंभर घरांची ओळ उभी आहे. एकाही घरावर छप्पर नाही. पर्यटकांच्या फलकावर या जागेला ओसाड गाव म्हटले आहे, पण ती एक वस्ती नसून तीन वाड्यांची माळ आहे : टूअर, टूअर रीवाख आणि फाहे. डोंगर मुख्यतः क्वार्टझाइटचा असल्यामुळे माती पातळ आणि आंबट आहे. त्यातही पायथ्याचा हा पट्टा त्यातल्या त्यात बरा, वाऱ्याला पाठ देणारा आणि निचऱ्याचा. वरच्या अंगाला पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत, म्हणजे पहिल्या शेतकऱ्यांनीही हीच जागा हेरली होती. जमिनीची प्रत ठरवायला सरकारी अधिकारी यावा लागत नाही, असे माझ्या पहिल्या वरिष्ठांचे एक वाक्य होते, ते येथे आठवले.

एका घरात शिरलो. दार इतके अरुंद की खांदा तिरपा करावा लागला. भिंती गडग्यासारख्या कोरड्या रचलेल्या, चुना नाही की माती नाही, पण हाताने रेटून पाहिले तर एकही दगड हलेना. आतली खोली एकच, लांबट. वरच्या टोकाला चुलीची जागा. खालच्या टोकाला भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर बाहेर आलेले दगड, त्यांना भोक पाडलेले. भाच्याला ते दिवे टांगण्याचे वाटले. मी कोकणातला, गुरांचे दावे बांधायची जागा मला सांगावी लागली नाही. जमिनीवरचे गवत पायाने बाजूला केल्यावर खालच्या टोकाकडून भिंतीबाहेर जाणारी दगडी पन्हळही दिसली, म्हणजे माणसे उताराच्या वरच्या बाजूला, गुरे खालच्या बाजूला, आणि शेणमूत आपोआप बाहेर, जिथे ते खतासाठी साठवता येईल. थंडीत गुरांची ऊब घराला मिळे. घराची लांबी मी पावलांनी मोजली, ती बारा पावले भरली. भाच्याच्या डब्लिनमधल्या दिवाणखान्याएवढी.

घरांच्या खालच्या बाजूस सबंध उतारावर सरी-वरंबे आहेत. ते आजही इतके ठळक आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हात कोणी कंगवा फिरवल्यासारखे वाटतात. इंग्रजीत या वरंब्यांना आळशी वाफे असे नाव पडले आहे, आणि ते ठेवणाऱ्याने कधी फावडे हाती धरले नसावे. समुद्रावरून शेवाळ पाठीवरच्या हाऱ्यांत भरून आणायचे, गवतावर पसरायचे, त्यावर बटाट्याचे डोळे ठेवायचे आणि दोन्ही बाजूंची माती उलटी करून वर घालायची, असे हे काम आहे. पाण्याचा निचरा सरीतून होतो आणि जिथे माती नव्हती तिथे वरंब्यावर वीतभर माती तयार होते.

या वरंब्यांच्या पट्ट्या कोणाच्या, हा प्रश्न येथे सोपा नव्हता. जमीन रनडेल पद्धतीने कसली जात असे : काही कुटुंबे मिळून एकत्र जमीन धरत, खंड एकत्र भरत, आणि आतल्या आत चांगली, मध्यम व वाईट जमीन प्रत्येकाला सारखी मिळावी म्हणून तुकडे ठिकठिकाणी विखरून वाटून घेत, काही ठिकाणी हे वाटप ठरावीक वर्षांनी बदलतही असे. वरचा डोंगर सर्वांच्या चराईचा, आणि त्यावर प्रत्येकाची किती गुरे चढवायची हे ठरलेले. उन्हाळ्यात तरुण मुली आणि मुले गुरे घेऊन दूरच्या चराईवर राहायला जात, तेथेच दूध काढत आणि लोणी करत. त्या हंगामी वस्तीला बूली म्हणतात. जमीनदारांना आणि त्यांच्या कारभाऱ्यांना रनडेल हा निव्वळ गोंधळ वाटे आणि भांडणे होत नसत असेही नाही. पण एका वाडीत सारखेपणाने दारिद्र्य वाटून घेण्याची ही व्यवस्था कोणी मूर्खपणाने बसवली नव्हती, हे त्या उतारावर उभे राहिल्यावर पटते.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला आणि पुढची काही वर्षे पीक कुजत राहिले. येथे माझे दहा गुंठे परत भेटले. १८४७ च्या दुष्काळी कायद्यात विल्यम ग्रेगरी यांच्या दुरुस्तीने असे कलम घातले गेले की, ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन असेल त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे एक रूड, म्हणजे दहा गुंठे. जेवायचे असेल तर अकरावा गुंठा सोडायचा. दुसरीकडे, चार पौंडांहून कमी मूल्याच्या धारणांवरचा गरीबनिधीचा कर जमीनदाराने भरायचा असल्यामुळे लहान कुळे ठेवणे जमीनदारालाच परवडेनासे झाले. क्षेत्र आणि मूल्य हे आमच्या नोंदवहीतले दोन साधे स्तंभ माणसाला घराबाहेर काढू शकतात, हे मी नोकरीत असताना असे कधी पाहिले नव्हते, किंवा पाहिले असेल तर इतके स्वच्छ नाही. मेयो जिल्ह्याची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ३ लाख ८९ हजार होती. दहा वर्षांनी ती पावणेतीन लाखांच्या आसपास उरली.

स्लीव्हमोर मात्र एका रात्रीत ओसाड झाले नाही. उपासमार, कुळांना काढणे, चराईसाठी जमिनी मोकळ्या करणे आणि समुद्रकाठच्या डूआकडे सरकणे, ही सर्व कारणे एकमेकांत मिसळलेली आहेत. डूआला गेलेली कुटुंबे उन्हाळ्यात गुरे घेऊन याच जुन्या घरांत येऊन राहत. म्हणजे पूर्वजांचे गाव वंशजांची बूली झाले, आणि हे विसाव्या शतकाच्या चाळिशीपर्यंत चालू होते. परतताना मी हिरवळ समजून एका जागी पाय ठेवला आणि घोट्याच्या वरपर्यंत बॉगमध्ये गेलो. बूट काढायला भाच्याला पोटावर आडवे व्हावे लागले.

दिवस चौथा : डूगर्ट

डोंगराला पूर्वेकडून वळसा घालून डूगर्टला गेलो. येथे दोन ओळींत नीट आखलेली, पाटीच्या दगडाची कौले घातलेली घरे आहेत. कालच्या वस्तीनंतर ती जवळजवळ लष्करी वाटतात. १८३१ मध्ये एडवर्ड नँगल नावाचा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक या बेटावर आला आणि येथल्या आयरिश बोलणाऱ्या कॅथलिक कुळांचे धर्मांतर घडवण्यासाठी त्याने ही वसाहत उभारली. शाळा, अनाथालय, छापखाना, १८३७ पासून स्वतःचे वृत्तपत्र, असा सर्व पसारा होता. टूअमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल त्याचे कडवे विरोधक होते. दुष्काळात मिशनने अन्न दिले आणि ते धर्माच्या बदल्यात दिले, असा आरोप झाला. सूप पिऊन धर्म बदलणाऱ्यांना पडलेले सूपर हे नाव आयर्लंडमध्ये अजून शिवीसारखे वापरतात. नँगलची बाजू घेणारेही आहेत, कारण त्या अन्नावर माणसे जगली हेही खरेच.

मला मात्र धर्मापेक्षा फेरफार नोंद महत्त्वाची वाटली. मध्ययुगाच्या अखेरीस हा किनारा ओमॅली घराण्याच्या हाती होता; बेटाच्या दक्षिण टोकाला किल्डॅव्हनेट येथे त्यांचा मनोरा आजही उभा आहे आणि तो ग्रॅन्या ओमॅलीच्या नावाशी जोडला जातो, जी १५९३ मध्ये एलिझाबेथ राणीला समक्ष भेटून आली. त्यानंतर ऑर्मंडचे बटलर, आणखी काही हात, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूपोर्टचे ओडोनेल. दुष्काळानंतर जमीनदारही कर्जात बुडाले होते. बोजा असलेल्या इस्टेटी झटपट विकता याव्यात म्हणून १८४९ मध्ये खास कायदा झाला आणि त्याखाली सर रिचर्ड ओडोनेल यांच्या इस्टेटीचा मोठा भाग मिशनने विकत घेतला. भाडेपट्ट्याने जागा मागायला आलेला उपदेशक वीस वर्षांत जमीनदार झाला. कुळाच्या दृष्टीने मालकाच्या रकान्यातील नाव बदलले. खंडाच्या तारखा, म्हणजे मे आणि नोव्हेंबर, त्याच राहिल्या.

तो खंड या मातीतून निघत नव्हता. आकिलची तरुण मुले-मुली दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला जात आणि तिथली मजुरी येथे खंडापोटी भरली जाई. १४ जून १८९४ रोजी वेस्टपोर्टजवळ ग्लासगोच्या आगबोटीकडे निघालेली होडी उलटून त्यांतले बत्तीस जण बुडाले. नव्या रेल्वेमार्गावर आकिलला आलेल्या पहिल्या गाडीने त्यांचे मृतदेह आणले. तो मार्ग १९३७ मध्ये बंद झाला आणि आज त्यावरून सायकली जातात.

परतीच्या वाटेवर डूआच्या वरच्या अंगाला कॉरीमोर हाउस लागले. लॉफ मास्क या सरोवराकाठी लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून जाण्यापूर्वी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट बरीच वर्षे या बेटावर जमीन खंडाने घेऊन राहत होता. १८८० मध्ये लॉफ मास्कच्या कुळांनी, मजुरांनी आणि दुकानदारांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. सुमारे पन्नास मजूर बाहेरून आणून, त्यांच्याभोवती हजारभर शिपाई आणि पोलीस उभे करून त्याचे पीक काढावे लागले. पंचवीस वर्षांनी वंगभंगाच्या वेळी पुण्यात विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, तेव्हा आपल्याकडच्या सभांमध्ये आणि वर्तमानपत्रांमध्ये याच माणसाचे आडनाव गाजत होते. घर खासगी आहे, म्हणून रस्त्यावरूनच पाहिले आणि पुढे झालो.

दिवस पाचवा : डूआ

सकाळपासून पाऊस होता. बस दुपारची, म्हणून यजमानांबरोबर स्वयंपाकघरात बसलो. पुढची हकिगत मला ठाऊक होती तेवढी मी त्यांना सांगितली आणि त्यांनी ती दुरुस्त केली नाही : १८८१ चा कायदा, ज्याने वाजवी खंड आणि कायम वहिवाट दिली, १९०३ चा विंडहॅम कायदा, ज्याने सरकारी कर्जातून कुळाला जमीन विकत घेण्याची सोय केली, आणि पश्चिमेच्या दाट वस्तीच्या गरीब भागासाठी १८९१ मध्ये नेमलेले कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड, ज्याने इस्टेटी घेऊन रनडेलचे विखुरलेले तुकडे एकत्र केले आणि डोंगरापासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या सरळ पट्ट्या आखल्या. बोर्डानंतर ते काम लँड कमिशनकडे गेले आणि तेही १९९९ मध्ये विसर्जित झाले. आता मोजणी, मूल्यांकन आणि मालकी हक्काची नोंदणी ही तिन्ही खाती २०२३ पासून टाल्टे एरन या एकाच संस्थेत आहेत. आमच्याकडे हे कधी होईल याचा मी मोठ्याने विचार केला नाही.

"डोंगराचे काय झाले?" मी विचारले.

"डोंगराची पट्टी कशी पाडणार?" ते म्हणाले. स्लीव्हमोरचा वरचा भाग अजून सामाईक चराईचा आहे. हिस्से आहेत, पण ते जमिनीवर आखलेले नाहीत. त्यांच्या आईने मुलगी असताना दोन उन्हाळे त्या आता बिनछपराच्या घरांपैकी एका घरात गुरांबरोबर काढले होते. कुठले घर, हे तिने त्यांना दाखवले होते आणि ते त्यांनी मला सांगितले नाही.

"तुमचा हिस्सा किती एकर होतो?" सवयीने मी पुन्हा विचारले.

त्यांनी कपाळाला आठी घातली. एकरात त्यांनी तो कधी मोजलाच नव्हता. मेंढ्यांच्या संख्येत मात्र चटकन सांगितला. मेंढीच्या पाठीवर निळा ठिपका डावीकडे असेल तर ती त्यांची, उजवीकडे असेल तर चुलतभावाची, लाल असेल तर खालच्या आळीतली. बोलता बोलता त्यांचे लक्ष खिडकीबाहेर गेले आणि ते हातातला चहा तसाच ठेवून पावसात निघाले. अंगणातल्या गडग्यावरून एक लाल ठिपक्याची मेंढी त्यांच्या बटाट्यांत उतरली होती.